पागोळीखालचा अळू

उसाला तुरे आले की आमच्या गावात सिमेंटचा वास सुटतो. परक्या माणसाला हे खोटं वाटेल. तो म्हणेल, म्हातारे, उसाचा नि सिमेंटचा काय संबंध? पण आमच्या मॉरिशसमध्ये आहे. वादळांचे महिने मागं पडलेले असतात, ऊन नरम झालेलं असतं, समुद्रावरून येणारा वारा सकाळी अंगावर काटा आणतो, आणि रानभर ते रुपेरी-जांभळे तुरे सगळे एकाच दिशेला मान लववून उभे असतात. मग ज्याला ज्याला घराला खोली जोडायची असते तो वाळू मागवतो. सूयाकहून वर आमच्या गावाकडं यायला लागा, दर चार घरांआड एक वाळूचा ढीग, आणि ढिगावर एक मांजर. मांजर वाळूबरोबरच येतं की काय, देव जाणे.

यंदा ढीग आमच्याच दारात आहे. मुलाला वरचा मजला चढवायचा आहे. मी दुपारची ढिगाशेजारी खुर्ची टाकून बसते, वाळूत हात घालते. आताची वाळू काळी, दगड दळून केलेली. तेव्हाची पांढरी असायची, समुद्रातली, तिच्यात शिंपल्यांचे तुकडे निघायचे. पण हात घातल्यावरचा गारवा तोच. त्या गारव्यानं मला साठ सालच्या हिवाळ्यात नेऊन बसवलं आहे आणि तिथून उठायला मी काही तयार नाही.

त्या वर्षी फेब्रुवारीत मोठं सिक्लोन आलं. सिक्लोन म्हणजे वादळ, पण आम्ही वादळ म्हणत नाही. वादळ म्हटलं की काहीतरी लहान वाटतं. आमचं घर लाकडाचं आणि पत्र्याचं. पत्रे असे गेले, जसं कुणी केळीचं पान ओढावं. आम्ही शेजारच्या तांतीन लिझच्या घरात धावलो. तांतीन म्हणजे मावशी म्हणा, काकू म्हणा. क्रेओल बाई, कोळ्याची विधवा, दोन धिप्पाड मुलांची आई. तिचं घर बुटकं आणि जुनं होतं, जमिनीला चिकटून बसलेलं. वाऱ्याला ते दिसलंच नाही बहुतेक. मी लेकराला पोटाशी धरून धावले. ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, तांदळाचं पोतं घेतलं. आणि सासूबाईंनी काय घेतलं? गणपतीचा पाट. त्यांच्या आजेसासऱ्यांनी बोटीतून आणलेला, एक पाय झिजलेला. तो डोक्यावर उपडा धरून बाई त्या वाऱ्यातून आल्या. तांतीननं तो हातातून घेतला, पुसला आणि आपल्या मारियामातेच्या शेजारी उभा करून ठेवला. म्हणाली, "इथं सुरक्षित आहे. आई बघेल."

हे मी आधी सांगितलं, कारण पुढचं भांडण ऐकून तुम्हाला वाटेल की या दोघी जन्माच्या वैरिणी होत्या.

पत्र्यांपैकी निम्मे उसाच्या रानात सापडले, चुरगाळलेले. घराची एक खोली कशीबशी उभी होती, तिच्यावर त्यातले बरे होते ते ठोकले. त्या एका खोलीत आम्ही माणसं, चूल आणि शेळी. पाटाला टेकायला जागा नव्हती. तो तांतीनकडंच राहिला. ऊन नरम पडलं, कारखाना सुरू झाला, उसाला तुरे आले, आणि सासूबाईंनी एका सकाळी चहाचा कप खाली ठेवून जाहीर केलं, "गणपतीच्या आत खोली हवी. सिमेंटची. वर पण सिमेंट. परत माझं छप्पर उडायचं नाय."

हे म्हणाले, "आये, गणपतीला किती दिस राहिले ते बघितलंस का?"

"मी नाय, तू बघ. माझ्या आजेसासऱ्यापासून एक साल चुकला नाय. माझ्या हयातीत चुकायचा नाय."

त्या 'माझ्या हयातीत' मध्ये सगळं आलं. पत्रा उडाला ते वाऱ्याचं काम. पण गणपती चुकला तर ते तिचं, असा हिशेब होता. मला तो तेव्हा हट्ट वाटला. आता मी त्या वयाची झाले आहे, आता वाटत नाही.

गवंडी होते लक्षूमामा, आमच्यातलेच, खालच्या वाडीचे. सारखं शीळ घालणारा माणूस. त्यांनी खुंट्या आणल्या, दोरी आणली आणि विचारलं, "मामी, हद्द कुठं?"

आता हा प्रश्न आमच्या गावात कुणी कुणाला विचारत नसे. दगड रोवलेले नव्हते. जुन्या लोकांचा एकच नियम होता: पागोळी पडेल तिथवर घर. वळचणीवरून पावसाचं पाणी जिथं टपटपतं ती रेघ, तिच्या अलीकडं तुमचं, पलीकडं शेजाऱ्याचं. पण आमची वळचणच उडालेली. पागोळी पडणार कुठून?

सासूबाईंनी हात केला. "ही काय हद्द. अळू दिसत नाय तुला? माझ्या सासऱ्यानं पागोळीखाली लावलान तो."

अळूची रांग खरंच होती, दोन्ही अंगणांच्या मध्ये, कमरेएवढी. लक्षूमामांनी अळूला लागून दोरी ताणली. तांतीन आपल्या दारात लाकडी स्टुलावर बसून टिनच्या मगातून चहा पीत होती. ती दोरीकडं बघत राहिली आणि मग म्हणाली, "ए वॉझिन, सोंज मार्से."

वॉझिन म्हणजे शेजारीण, आणि सोंज म्हणजे आपला अळू. शेजारणी, अळू चालतो, असं ती म्हणत होती.

सासूबाई उसळल्या. त्या दोघींचं बोलणं म्हणजे एकीची क्रेओल मोडकी, दुसरीची मराठी त्याहून मोडकी, आणि तरी एक शब्द वाया जात नसे. "चालतो? पाय हायत त्याला?"

"माझ्यापेक्षा चांगले आहेत. दर साली थोडा थोडा माझ्याकडं येतो."

"माझ्या सासऱ्यानं लावलान तो!"

"तेव्हा तू कुठं होतीस? तू लग्न होऊन आली नव्हतीस. मी होते. इथंच. या स्टुलावर."

"तू? तू तेव्हा शेंबडी पोर असशील!"

"मग? स्टूल लहान होतं, मी पण लहान होते."

लक्षूमामांची शीळ थांबली. मला हसू येत होतं, पण सासूबाईंच्या मानेची शीर बघून मी लेकराच्या टोपड्यात तोंड घातलं. सासूबाईंनी पदर खोचला. "खणा," त्या म्हणाल्या. "पागोळीची रेघ जमिनीत हाय. जमीन खोटं बोलायची नाय."

आणि दुसऱ्या कुणाच्या हातात न देता खुरपं त्यांनीच घेतलं.

पागोळीची रेघ जमिनीत कशी असते, हे ज्यांनी पत्र्याच्या घरात दिवस काढले त्यांना सांगायला नको. वर्षानुवर्षं एकाच ओळीत पाणी पडलं की माती वाहून जाते आणि खडे तेवढे खाली उरतात, स्वच्छ, धुतलेल्या तांदळासारखे. सासूबाईंनी अळूच्या बुडाशी खणलं. काळीभोर माती, गांडुळं. आणखी खणलं. मातीच. मग त्या उकिडव्या बसून आमच्या घराच्या बाजूला सरकत आल्या. हातभर, त्याहून थोडं जास्त. आणि खुरपं वाजलं. खर्र.

त्यांनी हातानं माती बाजूला केली. खड्यांची रेघ होती. सरळ, बाईच्या भांगासारखी. आमच्या घराला एवढी जवळ, आणि अळू मात्र कुठल्या कुठं तांतीनच्या अंगणात.

चालला होता खरंच. आमच्या बाजूची जमीन आमच्याच पायांनी तुडवून टणक झालेली, तिची भुसभुशीत. अळूचा नवा कोंब दर पावसाळ्यात मऊ मातीकडं फुटायचा. आम्ही अळूच्या मागं मागं चालत तिच्या अंगणात शिरलो होतो, आणि कुणालाच कळलं नव्हतं. एवढं की मी तिथं कपडे वाळत घालत होते.

तांतीन हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. तिनं मगात बघितलं. सासूबाई मातीतच बसून होत्या. मग म्हणाल्या, "लक्षू, दोरी आत घे."

लक्षूमामा चाचरत म्हणाले, "दोरी घेतो मामी, पण आणखी एक हाय. वर स्लॅब येणार, त्याचं पाणी आपल्याच जागेत पडाया हवं. दुसऱ्याच्या अंगणात पाणी सोडता येत नाय. म्हंजे भिंत या रेघेच्या पण आत, हातभर." त्यांनी खुंट्या रोवून दाखवल्या. उरली ती जागा बघून ह्यांनी डोकं खाजवलं. पाट मावला असता. पण पाटासमोर आरती घेऊन उभं राहायला माणूस मावला नसता. पुढं सरकावं तर तिकडं विहीर. "ही खोली नव्हं, कपाट हाय," लक्षूमामा म्हणाले.

"या साली राहू दे, आये," हे म्हणाले.

सासूबाई उठल्या. खुरपं बादलीत धुतलं, कोनाड्यात ठेवलं आणि आत गेल्या.

मग काम थांबलं. वाळूच्या ढिगावर मांजर झोपून राहिलं. सिमेंटची पोती ताडपत्रीखाली. दव लागून ती दगड होतील म्हणून हे रोज कारखान्यातून आल्यावर एकेका पोत्यावर थापटी मारून बघायचे. पण खरी शांतता दोन अंगणांमधली. रोज आमच्याकडून आमटीची वाटी जायची, तिच्याकडून तीच वाटी लिंबं किंवा अंडी घेऊन यायची. ती वाटी फडताळात उपडी पडून राहिली. सासूबाई रागावलेल्या नव्हत्या, ते मला कळत होतं. त्या लाजल्या होत्या. आणि आमच्या सासूबाईंना राग चांगला जमायचा. लाजायचं कसं ते त्यांना माहीत नव्हतं.

एका सकाळी मी कपडे घेऊन बाहेर आले. आता कपड्यांची दोरी आमच्याच बाजूला, तुळशीजवळ बांधली होती. बघते तर तांतीन पाय ओढत बादली घेऊन आली आणि अळूच्या बुडात पाणी ओतायला लागली. तांदूळ धुतलेलं पाणी होतं.

"तांतीन, अळूला पाणी घालता?"

"मग कोण घालणार, बेल्फी?" सूनबाईला बेल्फी म्हणायची ती. "फेब्रुवारीपासून घालते. तुमचं छप्पर उडालं. याला मिळणारं पाणी गेलं. पान कसं सुकून चाललंय बघ." तिनं एक पान उचलून दाखवलं, डॉक्टरनं पोराचा डोळा उघडून दाखवावा तसं. "माझी कंबर राहिली नाही. तुमचं छप्पर कधी होणार?"

"होत नाही, तांतीन." आणि मी सगळं सांगितलं. स्लॅबचं पाणी, हातभर आत, कपाट, या वर्षी गणपती नाही.

तिनं बादली खाली ठेवली. "कुणी सांगितलं, मला तुमचं पाणी नको म्हणून?"

मी हातातले कपडे दोरीवर टाकले.

"या पानांवर माझी पोरं वाढली. मासे नसतील त्या दिवशी ही भाजी. आणि पाणी कुणाचं? तुमच्या पत्र्याचं. दोन म्वा दिलो-ला, बेल्फी. ते पाणी मला द्या." एवढं म्हणून ती माझ्यापुढं निघाली सुद्धा. हद्दीची दोरी उचलून तिच्या खालून आली. सासूबाई पडवीत तांदूळ निवडत होत्या. तांतीन समोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"वॉझिन, भिंत तुझी. खड्यांच्या रेघेवर घाल, एक बोट आत नको. पण पाणी माझं. सगळं. एक थेंब तुझ्या बाजूला गेलेला मला चालणार नाही."

सासूबाईंनी सूप खाली ठेवलं. त्यांचा ओठ हलला. मला वाटलं, आता काहीतरी मोठं बोलणार. त्या म्हणाल्या, "बस. चहा घे." आणि मग, जणू इतक्या वर्षांत त्यांना माहीत नव्हतं, "साखर दोन चमचे ना गो?"

लक्षूमामांना सांगितलं तेव्हा ते खाली बसले. "मामी, उभा जन्म गवंडीकाम केलं. लोक माझ्या अंगावर धावून येतात, त्याचं पाणी आमच्याकडं का सोडलंस म्हणून. ही बाई मागून घेते!"

भिंती चढल्या. फळ्या पुरेनात, म्हणून स्लॅबच्या खाली सेंटरिंगला लक्षूमामांनी उसाच्या रानातले उरलेले चुरगाळलेले नालीदार पत्रे ठाकठीक करून लावले, फिलाओच्या, म्हणजे सुरूच्या, टेकूंवर. आणि रविवार ठरला.

आमच्याकडं स्लॅब घालायच्या दिवशी कुणाला बोलावणं करत नाहीत. बोलावलं तर तो मजूर झाला. ज्याला यायचं तो आपली बादली घेऊन येतो, आणि एकदा ओतायला सुरुवात केली की स्लॅब संपल्याशिवाय थांबता येत नाही, म्हणून यजमानाचा जीव सकाळी रस्त्याकडं लागलेला असतो. किती जण येतील? सासूबाई पहाटेपासून फाटकात. पहिले आले ते तांतीनचे दोघे मुलगे, जोर्ज आणि रेमों, त्या दिवशी समुद्रावर न जाता. मग वाडीतले, मग कारखान्यातले, मग ज्यांना मी ओळखतही नव्हते असे. पांढऱ्या वाळूत निळसर सिमेंट, त्यात काळी खडी, मध्ये खड्डा करून पाणी, आणि फावड्यांचा तो आवाज. बादल्या हातोहात शिडीवर. जोर्ज वरून ओरडायचा, "मादाम, जेवायला काय आहे ते आधी सांगा, मग पुढची बादली घेतो!" सासूबाई खालून, "आधी बादली घे मेल्या, मग वास घे!"

आमच्या चुलीवर भात, घेवड्याचा रस्सा, खोबऱ्याची चटणी. तांतीननं आपल्या अंगणात माशाची कढी केली होती, खाणाऱ्यांसाठी, आणि झाकणावर दगड ठेवून पहारा देत होती, वास गणपतीच्या खोलीकडं जाऊ नये म्हणून. वास ऐकतो होय! पण तिचं समाधान.

संध्याकाळी सिमेंट जरा आवळलं तेव्हा सासूबाई तांब्या घेऊन शिडी चढल्या. ह्यांनी अडवलं, ऐकल्या नाहीत. वर जाऊन त्यांनी कडेच्या पट्टीवर तांब्या हळूच ओतला. सगळे खाली तोंड वर करून. पाणी क्षणभर थांबलं, मग वाट सापडल्यासारखं तांतीनच्या बाजूला निघालं. खाली ती अळूत उभी. पहिली धार तिच्या डोक्यावरच्या रुमालावर पडली आणि ती लहान पोरीसारखी ओरडली, "आलं! आलं!"

पुढं स्लॅबवर मातीचे बांध घालून पाणी साठवलं, तेव्हा चिमण्या तिथं आंघोळीला येत. फळ्या-पत्रे काढले त्या दिवशी मी आत गेले, वर बघितलं, आणि हाका मारायला लागले. छताच्या पोटाला पत्र्याच्या लाटा उमटल्या होत्या. जे छप्पर वाऱ्यानं नेलं होतं ते सिमेंटचं होऊन परत आलं होतं. ह्यांना गिलावा करून ते सपाट करायचं होतं. सासूबाई म्हणाल्या, "हात लावशील तर बघ."

गणपती आला. तांतीननं पाट स्वतः आणून दिला, चपला दारात काढून. आरतीला माणसं मावली, थोडी दाटीवाटीनं, पण मावली. लाटांखाली तो झांजांचा आवाज असा घुमला की माझं लेकरू रडायचं विसरलं. आणि दुसऱ्या दिवशीची ऋषीची भाजी! तिला अळू हवाच. आता अळू सगळा भिंतीपलीकडं. एरवी सासूबाई हात लांब करून कापायच्या. आता मागावा लागणार. त्या मागतील की नाही, याची मी वाट बघत होते. त्याआधीच तांतीन हजर, कवळाभर पानं घेऊन, हात लिंबानं धुतलेले. "हे भाजीला. आणि हे काळ्या देठाचं, वडीला. बरोबर ना?"

सासूबाईंनी पानं घेतली, उलटसुलट केली. म्हणाल्या, "आमच्याच सासऱ्याचा अळू. पावण्यासारखा दारातून आला." आणि दोघी जे हसल्या! उपडी वाटी त्या दिवशी सुलटी झाली, आणि वड्या घेऊन गेली.

आता दोघीही नाहीत. हेही नाहीत. तांतीनच्या जागी तिची नात राहते, मार्लीन, बो बासेंला कचेरीत नोकरीला. सकाळी बसनं जाते, अंधार पडायच्या बेताला येते. खोली मात्र तशीच आहे, छताला लाटा आहेत, पाऊस पडला की भिंतीपलीकडं पागोळी वाजते आणि मला झोप छान लागते. आपलं पाणी कुणाच्यातरी उपयोगी पडतंय, हा आवाजच वेगळा असतो.

या शनिवारी मुलगा अर्ध्या दिवसानं कामावरून आला आणि नकाशा पसरून बसला. वरचा मजला, वरती नवा स्लॅब, आणि कडेनं एक जाड पाइप. "आई, पाणी आपल्याच गटारात घेतो. दुसऱ्याच्या अंगणात सोडणं बरोबर नाही. आता लोक तक्रार करतात."

मी म्हटलं, "विचारून ये."

"कुणाला?"

"जिचं पाणी आहे तिला."

"अगं, ती कचेरीत जाणारी मुलगी. तिला कशाला हवंय आपल्या छपराचं पाणी?"

"तेच विचारून ये."

मार्लीनला सुट्टी होती. तो चिडून गेला. मी वाळूच्या ढिगाशेजारी बसून राहिले. मांजर बसून राहिलं. मला, खरं सांगते, भीती वाटत होती. मार्लीन चांगली पोर आहे, पण तिनं 'हो, न्या पाइप' म्हटलं असतं तर तिची काय चूक होती? तिला कुठं ठाऊक, तिची आजी कुठल्या पाण्यासाठी दोरीखालून वाकून आली होती? बराच वेळ झाला. भिंतीपलीकडून बोलण्याचा आवाज येत होता, मग हसण्याचा, मग काही कापल्याचा, कचकच.

मुलगा फाटकातून आला तो छातीपर्यंत पानं धरून. कामावरच्या शर्टावर चिकाचे डाग. माझ्याकडं न बघता त्यानं गवंड्याला हाक मारली, "तो पाइप राहू द्या. उतार जुन्याच बाजूला."

मग पानं माझ्या मांडीवर ठेवली. मी एक उलटं करून बघितलं. काळ्या देठाची होती, वडीची. तिला ठाऊक होतं.

मी पानं पदरात घेतली. आत जाऊन चिंच भिजत घातली.